तिसऱ्या वाफ्याचा नऊ

अण्णा,

मागच्या बुधवारी तुमचं तेरावं झालं. गोडाच्या जेवणात खीर पातळ झाली होती आणि वड्यांना मीठ कमी पडलं होतं. तुम्ही असतात तर पानावरची नजर न काढता म्हणाला असतात, "खीर पाच, वडे चार, वाढप सात." मग तुमच्या मीनलने डोळे वटारले असते आणि तुम्ही निमूटपणे वडा संपवला असता. मी पंगतीत बसून मनातल्या मनात गुण देत होते. ही सवय तुम्ही लावलीत. आता ती सुटेल असं वाटत नाही.

जेवणं उरकल्यावर मीनल मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि तुमची ती लांबट, लाल पुठ्ठ्याची वही माझ्या हातात ठेवली. "काकी, बाबा म्हणायचे, ही वहिनींकडे जाऊ दे. बाकी कुणाला त्यातलं काही कळायचं नाही." मी वही घरी आणली आणि गव्हाच्या डब्यावर ठेवून दिली. तीन दिवस उघडली नाही. का उघडली नाही, ते सांगायलाच हे लिहायला बसलेय. तुमच्यासमोर बोलायला मला चांगला महिनाभर मिळाला होता, तेव्हा मी मूग गिळून बसले. आता तुम्हाला उलट बोलता येत नाही, तर मला वाचा फुटलीय.

सुरुवात माझ्या खिडकीपासून झाली, हे तुम्हालाही मान्य होतं. एकोणीस वर्षांपूर्वी लालबागची खोली सोडून आम्ही नवघरला आलो ते तळमजल्यावर. खिडकीसमोर दोन विंगांच्या मधली मोकळी जागा. बिल्डरच्या कागदावर तिथे बाग होती, प्रत्यक्षात विटांचे तुकडे, पांढरट माती आणि उन्हाळाभर उडणारी धूळ. मी फोर्टातल्या ज्या ऑफिसात नोकरी केली, तिथे खाली एक हिरवळ होती. रुंद पानांची, गडद, मऊ. तिच्यावर पाय ठेवायला बंदी होती. डबा खाताना मी वरून तिच्याकडे बघायचे आणि ठरवायचे, की निवृत्त झाल्यावर आपल्या खिडकीखाली असंच गवत असेल. लोक काशीला जायचं ठरवतात, मी हे ठरवलं होतं.

निवृत्तीनंतर पहिल्याच सभेत मी विषय काढला. सेक्रेटरी जिग्नेशभाई म्हणाले, "भाभी, पेव्हर ब्लॉक टाकून देऊ. नाहीतर ती प्लॅस्टिकची ग्रीन मॅट. पाणी नको, माळी नको, झंझट नको." मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या खुर्चीतून तुम्ही उठलात. तोवर आमच्या लेखी तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचे, जिन्यात सावकाश चढणारे सुर्वेकाका होतात. उभी हयात तुम्ही कृषी विद्यापीठाच्या शेतावर हिरवळीच्या गवतांचे वाफे राखण्यात घालवली होती, हे त्या दिवशी कळलं. गवताच्याही जाती असतात, त्या शेजारीशेजारी लावून वर्षानुवर्षं तपासतात आणि त्यासाठी सरकार पगार देतं, हे ऐकून अर्धी सभा हसली. हसणाऱ्यांत मीही होते.

"वहिनींना हिरवळ हवीय ना? मिळेल," तुम्ही म्हणालात. "पण कुठली, ते वहिनींनी ठरवायचं नाही आणि मीही नाही. ते जमीन ठरवेल. ही सगळी मिठागराची जमीन आहे. बोअरचं पाणी जिभेला लावून बघा एकदा."

बागेला बोअरचंच पाणी मिळणार होतं. प्यायच्या गोड पाण्याची आपल्याकडे काय रड आहे ती सगळ्यांनाच ठाऊक. तेव्हा खाऱ्या मातीत, खाऱ्या पाण्यावर कुठलं गवत तगतं, ते बघायला कमिटीने एक वर्ष दिलं आणि माझ्या खिडकीखालची पट्टी दिली. संधी एकच. त्यातून निवडलेलं गवत जगलं नाही, तर ग्रीन मॅट. जिग्नेशभाईंनी ते सभेच्या इतिवृत्तात लिहूनच घेतलं.

पाच वाफे, एकेक मीटर रुंद आणि दोन-दोन मीटर लांब. पहिल्यात आपली साधी हरळी. दुसऱ्या आणि चौथ्यात नर्सरीतल्या बारीक पानांच्या दोन जाती. तिसऱ्यात माझ्या हट्टाखातर ते रुंद पानांचं, ज्याला नर्सरीवाला कार्पेट म्हणतो. तुम्ही ते लावलंत, पण नाक मुरडूनच. "हे नाजूक बाळ आहे वहिनी. सावली चालेल याला, मीठ नाही चालायचं." आणि पाचव्या वाफ्यासाठी तुम्ही मला रिक्षात घालून मुर्ध्याला नेलंत, खाडीच्या काठावर. हातात खुरपं आणि मासळीबाजारातून आणलेला थर्माकोलचा खोका. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे तुम्ही उकिडवे बसलात. बाजूला जाळं सारखं करत बसलेल्या एका बाईने विचारलं, "काय शोधतांव काका? तिथं काय न्हाय, नुसतं गवत हाय."

"तेच पायजे," तुम्ही म्हणालात, आणि ती बाई इतकी हसली की जाळं मांडीवरून घसरलं. खोका भरून देताना मात्र तिनेच हात लावला.

तुमची एकच तक्रार होती. प्रत्येक जातीचे किमान तीन वाफे हवेत, वेगवेगळ्या जागी. तेवढी जागा नव्हती. "एक वाफा म्हणजे एकच साक्षीदार, वहिनी. तो खोटं बोलला तर कळायचं कसं?" हे वाक्य तुम्ही चहा पिता पिता सहज बोललात. मला वाटलं, गवत कशाला खोटं बोलेल?

मग रोज सकाळी तुम्ही माझ्या खिडकीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत येऊन बसायचात आणि मी खिडकीतून चहा द्यायचे. तुम्ही मला बघायला शिकवलंत. रंग, दाटी, पानाचं टोक. एक ते नऊ गुण. एक म्हणजे मेलेलं, सहा म्हणजे चालेल, नऊ म्हणजे याहून चांगलं असूच शकत नाही. मी पहिल्या दिवशी भाव खात तिसऱ्याला आठ दिले, तर तुम्ही वही मिटून म्हणालात, "हे गुण गवताला दिलेत की स्वतःच्या आवडीला?" माझा पारा चढला. दोन दिवस चहा दिला नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःचा कप घेऊन आलात आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून गवताकडे तोंड करून बसलात. शेवटी मीच ओतला. त्या चहाला तुम्ही पाच दिलेत.

पुढे तो सहावर गेला. सातवर जायला पावसाळा उलटावा लागला. नऊ कधी, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "नऊ मी कधी दिलेला नाही. नऊ दिला की माणूस बघायचं सोडतो." इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही नाही. मीनलच्या लग्नाच्या जेवणालासुद्धा आठच, हे तिने मला नंतर सांगितलं. अजून तिच्या मनात आहे ते.

आणखी एक शिकवलंत, आकडा चुकला तर काय करायचं ते. मी खोडरबर घेऊन बसले होते. तुम्ही ते काढून घेतलंत. "वहीत खोडायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, शेजारी नवा आकडा, सही आणि तारीख. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. आपण काय चुकलो ते पुढच्या माणसाला कळायला हवं."

गणपतीतली गंमत आठवतेय ना? चतुर्थीच्या सकाळी तुम्ही खाली आलात तर पहिला वाफा बोडका. बी विंगच्या बायकांनी हरळी बघितली आणि दूर्वा म्हणून खुडून नेली, जुड्या बांधून. घराघरांत एकवीस-एकवीस. तुम्ही डोक्याला हात लावून खुर्चीत बसलात. मला वाटलं आता या माणसाला काही होतंय. मग तुम्ही खिशातून पेन काढलंत आणि वहीत लिहिलंत: "वाफा एक. खुडणी: गणपतीनिमित्त. भरून यायला किती दिवस लागतात ते पाहावे." बारा दिवस लागले. तुम्ही इतके खूश झालात की पुढच्या वर्षी याच बायकांना बोलावून पाचही वाफ्यांवर खुडायला लावू म्हणालात.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते मिटलंच नाही. मला हिरवळ बघायला हवी होती, तुम्हाला चालायला. मी म्हणायचे, बाजूला छानशी पाटी लावू, कृपया पाय ठेवू नये. तुम्ही म्हणायचात, "मग भिंतीला हिरवा रंग द्या ना, कशाला गवताला त्रास." आल्यागेल्याला चपला काढून प्रत्येक वाफ्यावर मागेपुढे वीस पावलं चालायला लावायचात. आमचे हे तर तुम्हाला बघून मागच्या फाटकाने यायला लागले. मीच एकदाही चालले नाही. हट्टाने. तुम्ही म्हणायचात, वहिनी चालतील त्या दिवशी पेढे वाटेन. मी म्हणायचे, मग मधुमेहवाले वाचले.

पावसाने माती धुऊन निघालेली असते, तेव्हा सगळीच गवतं शहाण्यासारखी वागतात. खरी परीक्षा पाऊस गेल्यावर, खाऱ्या पाण्यावर. ती सुरू झाली आणि डिसेंबरात तुम्हाला मीरा रोडच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. जाताना, खुर्चीत बसवून खाली आणत असतानाही, तुम्ही मला चिठ्ठी दिलीत. सकाळी सात वाजता, बोअरचा पाइप, प्रत्येक वाफ्याला मनात शंभर मोजेपर्यंत. बाकी काही करायचं नाही.

बाकी काही करायचं नाही, हेच मला जमलं नाही, अण्णा.

दहाव्या-अकराव्या दिवशी तिसऱ्या वाफ्याची टोकं पिवळी पडली. मग भाजल्यासारखी तपकिरी. मी रोज खिडकीतून बघत होते. एका सकाळी माझ्या हातात तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं होतं. रत्नागिरीला आमच्या घरी तांदळाचं धुवण कधी मोरीत ओतलं नाही. आई ते अळूला घालायची, मी इथे तुळशीला घालते. त्या सकाळी माझा हात खिडकीबाहेर गेला आणि धुवण तिसऱ्या वाफ्यावर पडलं. विचार करून केलं नाही, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी विचार करून केलं. तिसऱ्या दिवशी धुवणात भाजी धुतलेलं पाणी आलं, डाळीचं आलं, आणि आठवड्याने मी नळाच्या गोड पाण्याची सरळ एक बादली भरून ठेवायला लागले. धुवण म्हणजे काही पाणी नव्हे, असं स्वतःला सांगत होते. बादलीला मी काय म्हणत होते ते आता आठवत नाही.

तुमचा रोज अकराला फोन यायचा. श्वास लागलेला, तरी पहिला प्रश्न तोच. "तिसऱ्याची टोकं कशी आहेत?" मी म्हणायचे, हिरवी आहेत. ती होतीच हिरवी. आजारी माणसाला वाईट बातमी नको म्हणून मी हे केलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण तिसरा वाफा पिवळा पडणं ही तुमच्यासाठी वाईट बातमी नव्हतीच. तुमचाच अंदाज खरा ठरत होता. ती वाईट बातमी माझ्यासाठी होती. तुम्ही बरे होऊन याल, खुर्चीत बसाल आणि "म्हटलं होतं ना" म्हणाल, ते मला ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण. इतकं लहान आहे की लिहितानाही लाज वाटतेय.

तुम्ही जानेवारीत परत आलात. अर्धे झाला होतात. बादली थांबली नाही, फक्त तुमचा दिवा मालवल्यावर रात्री जायला लागली. महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक वाफ्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकायची आणि खारटपणा लिहायचा, ही तुमची जुनी पद्धत. सोसायटीतल्या लोकांना त्याची किळस यायची आणि तुम्हाला त्याची मजा वाटायची. त्या एक तारखेला तुम्ही पाचही वाफ्यांची माती चाखलीत आणि चेहरा पडला. "वहिनी, काहीच कळत नाही हो. औषधांनी तोंडाची चव गेली. मीठ काय, माती काय, सगळं सारखंच." मग तिसऱ्यातली चिमूट माझ्या तळहातावर ठेवलीत. "तुम्ही चाखा. तुमच्या जिभेवर विश्वास आहे माझा. आमटीत मीठ कधी चुकलं नाही तुमचं."

मी चाखली. पाचव्यातलीही चाखली. पाचवी खारट होती. तिसरी जवळजवळ अळणी. तुम्ही पेन उघडून माझ्याकडे बघत होतात. मी म्हटलं, "सारखीच खारट आहे."

तुम्ही ते लिहून घेतलंत.

त्यानंतर बराच वेळ तिसऱ्या वाफ्याकडे बघत बसलात. तो खरंच देखणा दिसत होता, फोर्टातल्या त्या हिरवळीसारखा. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत, वाकून पानांवरून हात फिरवलात. मग म्हणालात, "मी इतकी वर्षं या गवताला नावं ठेवली. आयुष्यात एकदा देतो, वहिनी." आणि वहीत आकडा घातलात. मला दाखवलाही नाहीत. पण खिडकीतून मला पेनची वळणं दिसली.

फेब्रुवारीतल्या सभेत तुम्ही काठी टेकत उभे राहिलात. "मी पाचव्याच्या बाजूने होतो. वही तिसऱ्याच्या बाजूने आहे. मी वहीच्या बाजूने." एवढंच बोललात आणि माझ्याकडे बघून हात जोडलेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर सारखा केला आणि हसले. हरलेला माणूस इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चहाला आठ दिलेत, मग कसं सांगणार? तिसऱ्या दिवशी बी विंगच्या बायका होत्या. चौथ्या दिवशी आपण पाटीवरून भांडलो. पाचव्या दिवशी खुर्ची रिकामी होती आणि मीनल जिन्यातून धावत खाली येत होती.

मला तुमचा राग येतो, अण्णा. चार दिवस काय, चाळीस दिवस असते तरी मी सांगितलं असतं की नाही, माहीत नाही. पण ते कळायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी बादली बंद केली. फक्त बोअरचा पाइप, शंभर मोजेपर्यंत. आठवड्याने टोकं पिवळी पडली. तेराव्यापर्यंत अर्धा वाफा वाळला. शेजारचा पाचवा तसाच होता. जरा राकट, जरा फिकट, पण एक पान वाकडं झालेलं नाही. त्याच संध्याकाळी जिग्नेशभाईंचा फोन आला. "भाभी, सोमवारी नर्सरीला ऑर्डर देतोय. पूर्ण ग्राउंडला कार्पेट. पाडव्याच्या आधी रेडी. काकाजींची आखरी इच्छा समजा."

आमचे हे म्हणाले, "आता बोलून काय होणार? अण्णांना कळणार आहे का? आणि गवत तर तुझ्याच आवडीचं येतंय." मीनलला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती पोर रडली आणि मलाच धीर देत म्हणाली, "बाबांना कळलंच असणार, काकी. त्यांच्या नजरेतून काय सुटतं? त्यांनी तुम्हाला माफ केलं असेल." किती सोपं झालं असतं ते. पण नाही. तुम्हाला कळलं नव्हतं. कळलं असतं तर तुम्ही नऊ दिला नसतात. प्रेमापोटी गवताला खोटे गुण देणारे तुम्ही नव्हतात. ती मी होते.

आणि कार्पेट आलं असतं, उन्हाळ्यात खाऱ्या पाण्यावर डोळ्यांदेखत मेलं असतं, मग ग्रीन मॅट. पुढे कायम लोकांनी म्हटलं असतं, ते गवतवाले काका, त्यांनी सांगितलं आणि सगळं जळून गेलं. जन्मभर ज्याचा आकडा चुकला नाही, तो माझ्या एका बादलीपायी तोंडघशी पडला असता.

म्हणून काल, रविवारी सकाळी, सगळ्यांना खाली वाफ्यांपाशी बोलावलं. तीस-पस्तीस माणसं आली. मी तुमच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले आणि सांगितलं. धुवण, बादली, माती, सगळं. आधी कुणाला कळेना की यात गुन्हा काय. बी विंगच्या एक जणी म्हणाल्या, "अहो, झाडाला पाणीच घातलंत ना? विष तर नाही घातलं!" काही जण हसले. जिग्नेशभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी वाळलेला वाफा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "तो फिर भाभी, काकाजीने जो लिखा, वो गलत?"

"ते चुकले नाहीत," मी म्हटलं. "त्यांनी जे पाहिलं ते बरोबर लिहिलं. मी जे दाखवलं ते खोटं होतं."

मग कुणी हसलं नाही. जिग्नेशभाईंनी चपला काढल्या. तुम्ही वर्षभर मागे लागलात तेव्हा या माणसाने कधी काढल्या नव्हत्या. पाचव्या वाफ्यावर उभे राहिले, चार पावलं पुढे, चार मागे. "चलेगा," म्हणाले. "पण नर्सरीत मिळणार नाही हे. आणणार कोण? लावणार कोण?" मी म्हटलं, मी. "आणि नाही जगला तर?" त्यालाही मीच, म्हटलं. एक वर्ष मिळालंय. ग्रीन मॅट टळलेली नाही, लांबलीय. पुढच्या रविवारी मीनल आणि मी मुर्ध्याला जाणार आहोत, दहा खोके घेऊन. ती जाळंवाली बाई भेटली तर तिला सांगेन की काका गेले. ती ओळखेल तुम्हाला. नुसतं गवत मागायला आलेला दुसरा कोण असणार?

सगळे गेल्यावर मीही चपला काढल्या. पहिल्यांदाच. पाचव्या वाफ्यावर वीस पावलं मोजून चालले. सकाळचं गवत थंड होतं आणि पावलांना थोडं टोचत होतं. बघायला ते अजूनही मला फारसं आवडत नाही, आपलं भांडण मिटलं असं समजू नका. पण चालायला बरं आहे. पेढे तुमच्याकडे बाकी राहिले.

मग तिसऱ्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट. चांगली खारट. खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उघडली. तुमचं बारीक, तिरपं अक्षर. एक फेब्रुवारी. वाफा तीन. माती: पूर्ववत खारट. पुढे कंस करून तुम्ही लिहिलं होतं, "चव वहिनींची, भरवशाची." मी तो शब्द वाचला आणि चष्मा काढून ठेवला. बराच वेळ मला काही दिसत नव्हतं. तुमच्यासाठी रडले की स्वतःसाठी, याला किती गुण द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

त्याच ओळीत शेवटी तुमचा नऊ. गोल, ठसठशीत, पेन दाबून काढलेला.

पट्टी घेतली. "पूर्ववत खारट"वर एक रेघ मारली, शेजारी लिहिलं: अळणी, नळाचे पाणी घातले होते. "भरवशाची"वर दुसरी रेघ मारली. मग नऊवर. शेजारी दोन लिहिला, नुसत्या बोअरच्या पाण्यावरचा, सही केली, रविवारची तारीख घातली. तिन्ही रेघा सरळ आल्या.

खालचा नऊ वाचता येतोय, अण्णा.